बेगमचा थांबा

खाजाभाई टांगेवाल्याला दोन बायका आहेत, असं त्याची बायको ताहेराबी सगळ्या गल्लीला सांगायची. एक ती स्वतः आणि दुसरी बेगम. बेगम म्हणजे घोडी. अंगानं तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका आणि नजरेत अशी गुर्मी, की निजामाचं राज्य गेलं हे हिला अजून कुणी कळवलेलंच नाही असं वाटावं. खाजाभाई सकाळी उठला की आधी तिला पाणी दाखवायचा, तिच्या मानेवरून हात फिरवायचा आणि मग चहा मागायचा. ताहेराबी कपबशी आदळायची. म्हणायची, "अजी, तिच्याकडूनच घ्या की चा करून."

मी त्यांचा शेजारी. माझं नाव मल्लिकार्जुन. बांगड्या, फण्या, रिबिनी, सुईदोरा असलं माझं दुकान. माल आणायला दर आठवड्याला बार्शीला जावं लागे. बार्शीची छोटी रेल्वे येडशीला मिळायची आणि आमच्या धाराशिवहून येडशीला जायचं म्हणजे खाजाभाईचा टांगा. स्वभावानं मी उतावळा. चुलीवरच्या भाताचं झाकण दहादा उचलून बघणाऱ्यांतला. अशा माणसाच्या नशिबी बेगमसारखी घोडी यावी, याला मी देवानं केलेली थट्टाच समजतो.

त्याचं असं, की येडशीच्या रस्त्यावर एका लिंबाखाली पीरबाबाचं लहानसं थान होतं. चुना दिलेला कट्टा, त्यावर हिरवी चादर आणि शेजारी बसून ऊद जाळणारा म्हातारा मुजावर. तिथून जाणारा एकही टांगेवाला न थांबता पुढं जात नसे. उतरायचं, सलाम करायचा, उदाची राख आपल्या आणि जनावराच्या कपाळाला लावायची. मग मुजावर दोन रेवड्या द्यायचा, एक माणसाला, एक जनावराला. खाजाभाई आपली रेवडीसुद्धा बेगमलाच भरवायचा. जाताना तेच, येताना तेच. असं वर्षानुवर्षं चाललं. पुढं पुढं लगाम ओढायची गरजही उरली नाही. उदाचा वास नाकात शिरला की बेगम आपोआप थांबायची, मान खाली घालायची आणि तोंडात रेवडी पडल्याशिवाय जागची हलायची नाही.

मी मागून ओरडायचो, "खाजाभाई, गाडी चुकंल की!"

तो शांतपणे म्हणायचा, "शेटजी, बाबाला चुकवून गाडी गावली, तर ती कुठं नेईल त्येचा काय भरवसा?"

या त्याच्या तत्त्वज्ञानापायी येडशीच्या स्टेशनात मी कितीदा तरी रेल्वेची नुसती शेपटी पाहिली आहे. तरी पुढच्या आठवड्याला पुन्हा त्याच्याच टांग्यात बसायचो. माणूस गोड होता, काय करणार! हातात चाबूक असायचा त्याच्या, पण त्याला लाल गोंडा बांधलेला. तो घोडीच्या अंगावर पडलेला मी तरी कधी पाहिला नाही. माश्या हाकलायला मात्र बरा होता.

मग महाराष्ट्र झाला. रस्ते डांबरी व्हायला लागले आणि येडशीला जाणाऱ्या यष्टीच्या फेऱ्या वाढल्या. यष्टी थानाजवळ थांबत नसे आणि रेवडीही मागत नसे. माणसं तिकडं वळली. मीही वळलो, त्यात लपवायचं काय? माझा धंदा होता. बेगम दिवसभर अड्ड्यावर उभी राहून शेपटी हलवायची आणि संध्याकाळी रिकामा टांगा घेऊन घरी यायची. घरात खाजाभाईची म्हातारी आई, तीन पोरी आणि ताहेराबी. बाहेर बेगम. कडबा महाग झालेला. शेवटी एक दिवस टांग्याची चाकं थांबली ती थांबलीच आणि ताहेराबीच्या कोंबड्या त्याच्या गादीवर रवंथ केल्यासारख्या डोळे मिटून बसायला लागल्या.

त्या सुमाराला गावात सरकारी इमारतींची कामं निघाली होती. त्यांचे गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, होते आण्णासाहेब. चुना मळायला त्यांची मोठी घाणी होती, दगडी चाक फिरवायला जनावर लागायचं. त्यांनी बेगमला मागणी घातली. किंमत चांगली देत होते. पण चुन्याच्या घाणीला लागलेलं जनावर कसं होतं ते गावानं पाहिलेलं होतं. खूर फुटतात, डोळ्यांतून पाणी गळत राहतं आणि दोन पावसाळ्यांत खेळ खलास.

खाजाभाई त्या रात्री जेवला नाही, असं ताहेराबीनंच मला भिंतीवरून सांगितलं. तीही चिडलेली होती. "मल्लूशेट, तुमीच सांगा. घोडी खाईल का माझ्या पोरी खातील? मला काय हौस हाय का तिला घाणीला घालायची?" असं म्हणताना तिनं पदरानं नाक पुसलं. मला वाटलं सर्दी झाली असेल.

अशा वेळी बंडप्पा आला. आळंदच्या बाजूचा, कानडी वळणाचं मराठी बोलणारा, पोटानं मोठा आणि आवाजानं त्याहून मोठा. जत्रांतून तो चक्री घेऊन फिरायचा. मधोमध खांब, खांबाला लांब दांडा, वरून चौफेर टांगलेले लाकडी घोडे, हत्ती आणि एक मोर. दांड्याला जनावर जुंपायचं, ते आतल्या बाजूनं गोल फिरलं की वरचं सगळं लटांबर फिरायचं. त्याचा बैल म्हातारा होऊन बसला होता आणि आमच्या गावच्या दर्ग्याचा उरूस तोंडावर आलेला. खाजाभाई बेगमला पाण्यावर नेत असताना त्यानं तिला पाहिलं.

"खाजाभाई, घोडी आणि तुम्ही, दोघं बी माझ्याकडं या. उरूस झाला की येरमाळा, मग नळदुर्ग, मग आमच्याकडच्या जत्रा. वर्षभर काम हाय बघा."

खाजाभाईनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ताहेराबीनं कपाळाला हात लावला. तिच्या बापानं तिला टांगेवाल्याला दिली होती. टांगेवाल्याला गावात मान. वकील, डॉक्टर, मामलेदार त्याच्या मागं बसतात. आणि आता हा जत्रेत पोरं फिरवणार!

"तेल्याच्या बैलावानी गोल फिरणार व्हय तुमी? नक्को बाई. लोकं मला चक्रीवाल्याची म्हणतील."

खाजाभाई म्हणाला, "ताहेरा, सुन तो. वीस वर्सं सरळ चाललो, कुठं पोचलो? येडशीला. आता गोल चालून बघतो." मग जरा थांबून म्हणाला, "उरूस संपंपर्यंत मुदत दे. न्हाय जमलं, तर मीच बेगमची दोरी आण्णासाहेबांच्या हातात देतो. माझा शब्द हाय."

हा शब्द त्यानं आण्णासाहेबांनाही जाऊन दिला. असा हा माणूस! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तोही चारचौघांत.

बाजारामागच्या मैदानावर बंडप्पानं परीक्षा घेतली. बेगम झुलत झुलत अशी फिरली, की बंडप्पानं खाजाभाईला मिठी मारली. तिनं मागं वळून लाकडी घोड्यांकडं एकदा पाहिलं आणि नाक फेंदारलं. "ह्येंला कडबा लागत न्हाय बेगम," खाजाभाई तिच्या कानात म्हणाला, "तू त्येंच्याकडं बघू नको." सगळं छान जुळलं. मीसुद्धा निर्धास्त झालो. आता मला सांगा, बाजारामागच्या मैदानात ऊद कोण जाळतो?

उरुसात चक्रीला जागा मिळाली ती थेट दर्ग्याच्या कमानीसमोर. बंडप्पा खूश, कारण सगळी गर्दी तिथूनच जाणार. माझं बांगड्यांचं दुकान समोरच मांडलेलं, त्यामुळं पुढचं सगळं मी बसल्या जागेवरून पाहिलं. संदलचा, म्हणजे मजारीला चंदन चढवायचा दिवस. कमानीच्या दोन्ही बाजूंना उदाची धुपाटणी अशी धुमसत होती, की माझ्या दुकानातल्या रिबिनीलाही पुढं महिनाभर तोच वास येत होता. चक्रीवर पोरं खच्चून बसली. बंडप्पानं घंटा वाजवली. बेगम निघाली, अर्धा फेरा झाला, ती कमानीसमोर आली, थांबली. मान खाली घातली.

पोरं समजली, फेरा संपला. ती उतरायला लागली. बंडप्पा धावत आला. खाजाभाईनं लगबगीनं समोरच्या गाड्यावरून रेवडी घेतली, बेगमच्या तोंडात दिली. बेगम निघाली. गोल फिरून परत कमानीसमोर आली. थांबली. मान खाली.

"खाजाभाई," बंडप्पा ओरडला, "हे घोडं हाय का यष्टी? दर ठिकाणी थांबा घेतंय!"

लोक हसले. आमच्या गावाला हसायला काही फार लागत नाही. खाजाभाईनं तिच्या डोळ्यांना झापडं लावली. पण वासाला झापड कुठं असते? मग त्यानं तिला उलट्या दिशेनं फिरवलं. बेगम उलट्या दिशेनं आली आणि तिथंच थांबली. मग माझ्या दुकानातून अत्तराचा फाया नेऊन त्यानं तिच्या नाकाजवळ बांधला. ती आधी शिंकली, मग थांबली. त्या दिवशी चक्रीवर बसलेल्या पोरांच्या आयांनी बंडप्पाला जे काही सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बंडप्पानं ते सगळं जसंच्या तसं खाजाभाईला ऐकवलं, वर कानडीतलं आपलं घातलं. आणि म्हणाला, "उद्या एक दिवस. उद्या बी थांबली, तर तुमचा रस्ता वेगळा, माझा वेगळा."

दुसऱ्या दिवशीही थांबली. थांबणारच होती. इतक्या वर्षांची नमाज तिची, एका दिवसात कशी सुटणार?

दुपार कलली तशी गर्दी वाढली आणि चक्रीभोवती तर नुसता तमाशा. बेगम थांबली की लोक टाळ्या पिटायचे. "उतरा, येडशी आली!" असं कुणीतरी ओरडायचं आणि पुन्हा हशा. खाजाभाईचं तोंड पार उतरून गेलं होतं. तेवढ्यात कमानीकडच्या गर्दीतून आण्णासाहेब आले. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, बरोबर बायको कमलबाई आणि कडेवर नातू. मागं एक गडी. गड्याच्या हातात नवीकोरी दोरी.

आण्णासाहेब माणूस वाईट नव्हता. मऊपणानं म्हणाले, "खाजाभाई, उगं जनावराचं हासं कशाला? शब्द दिलाय तुमी. सोडा आता."

बंडप्पानं शेवटचा उपाय म्हणून खाजाभाईचा गोंडेवाला चाबूक उचलून त्याच्या हातात कोंबला. "हाण! एकदा हाण, चालतीया का न्हाय बघ! तुझ्या पोरींच्या तोंडाकडं बघून हाण!"

खाजाभाईनं चाबूक वर केला. बेगम मान खाली घालून रेवडीची वाट बघत उभी. त्यानं हात खाली घेतला. म्हणाला, "मारून चालली, तर ती बेगम न्हाय. मग घाणी काय वाईट?" आणि तो जू सोडायला लागला. मी दुकानातून उठलो, पण उठून करणार काय होतो, हे मला आजही माहीत नाही. डोळे भरून आले होते एवढं खरं.

"थांबा!"

गर्दी बाजूला झाली. चादर सावरत ताहेराबी आली. मागं तिन्ही पोरी. चक्रीकडं फिरकणार नाही अशी तिची शपथ होती. पोरींना बांगड्या घ्यायच्या निमित्तानं ती मघापासून माझ्या दुकानाच्या आडोशाला उभी होती, हे फक्त मला ठाऊक होतं. एका डझनाचा भाव तिनं चारदा विचारला होता आणि एकदाही उत्तर ऐकलं नव्हतं.

तिनं पोरींना लाकडी घोड्यांवर चढवलं. स्वतः हत्तीवर चढली. हत्ती कुरकुरला. मग ती नवऱ्याकडं न बघता बेगमलाच म्हणाली, "चल गं."

खाजाभाईनं जू पुन्हा अडकवलं, रेवडी दिली आणि बेगम निघाली. फेरा झाला. कमानीसमोर येऊन थांबली. लोक टाळ्या पिटणार, तेवढ्यात ताहेराबीनं हत्तीवर बसल्या बसल्या दोन्ही हात पसरले आणि साऱ्या उरुसाला ऐकू जाईल अशा आवाजात दुवा मागितली, "या बाबा, ही माझी सवत हाय. लई दिस छळलं हिनं मला. पर हिला माझ्याच दारात म्हातारी होऊ दे. दुसऱ्याच्या घाणीला नको लावू."

तिनं हात तोंडावरून फिरवले. टाळी एकही वाजली नाही.

आता कमानीपाशी काय चाललं होतं ते सांगायला पाहिजे. तिथं पुरुषांची अशी रेटारेटी, की बायकांना पुढं जायची सोयच नव्हती. लांब लांब गावांहून आलेल्या बाया, कुणी मुसलमान, कुणी मराठा, कुणी आमच्यातल्या लिंगायत, हातात नारळ नाहीतर फुलांची चादर घेऊन मागंच ताटकळत. कुणाच्या पाठीपलीकडचं काही दिसत नव्हतं. आणि इथं लाकडी हत्तीवर बसलेल्या बाईला कमान, घुमट, निशाण, सगळं स्वच्छ समोर. शिवाय घोडी नेमकी तिथंच थांबते, पुरती दुवा होईपर्यंत हलत नाही.

हे सगळ्यांत आधी ओळखलं कमलबाईंनी. त्या ताहेराबीजवळ जाऊन म्हणाल्या, "बाई, मला बी नातवाच्या नावानं बोलायचंय. कवाची उभी हाय तिथं, पण दिसतंय कुणाला? चढू का?"

"चढा की आक्का. मोरावर बसा, मोर रिकामा हाय."

आणि कमलबाई मोरावर बसल्या! गुत्तेदारीणबाई, नऊवारी नेसलेल्या, मांडीवर नातू, मोरावर. बेगम थांबली, त्यांनी हात जोडले, डोळे मिटले. बेगमला रेवडी मिळाली. चक्री हलली. दुसऱ्या फेऱ्याला थांबली तेव्हा त्यांनी आणखी काहीतरी मागून घेतलं. उतरल्यावर नवऱ्याला म्हणाल्या, "ती दोरी घरी न्या. ह्या घोडीपुढं म्या हात जोडलेत. तिला घाणीला जुंपलेलं मला चालायचं न्हाय."

आण्णासाहेबांनी दोरीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि शहाणा नवरा जे करतो ते केलं. गड्याला म्हणाले, "चल रे."

त्यानंतर त्या दिवशी आणि पुढं उरूस संपेपर्यंत चक्रीवर पोरांना जागा मिळाली नाही. बायकांचीच रांग. बंडप्पाचा सूर असा पालटला, की मला शिसारी आली. कालपर्यंत ज्या थांब्यावरून शिव्या घालत होता, त्याच थांब्याच्या नावानं आता पुकारा करत होता, "दर फेऱ्याला दर्शन! थांबून दर्शन! घोडी सोता थांबती बघा!" आणि खाजाभाईला म्हणतो कसा, "अप्पा, मी तेव्हाच म्हटलं होतं, ही घोडी साधी न्हाय."

पुढं येरमाळ्याच्या जत्रेत वेगळीच पंचाईत झाली. तिथं ऊद नव्हता, म्हणून बेगम थांबेना आणि थांबत नाही म्हणून बाया तक्रार करायला लागल्या. शेवटी बंडप्पानं स्वतः देवीच्या दिशेला धुपाटणं पेटवून ठेवलं. नळदुर्गला खंडोबाच्या दिशेला. बेगमला देव कोणता याच्याशी देणंघेणं नव्हतं, रेवडी खरी पाहिजे. खाजाभाई हंगाम संपला की घरी यायचा, पोरींना जत्रेतली खेळणी आणायचा. म्हातारीला कधी गोधडी, कधी चष्मा. थोरलीचं लग्न त्यानं याच कमाईवर केलं. आणि ताहेराबी? तिला कुणी "चक्रीवाल्याची" म्हटलं की आता ती मान ताठ करून म्हणायची, "व्हय, थांबणाऱ्या चक्रीवाल्याची."

चार-पाच वर्षांनी बेगम थकली. पुढचा एक पाय धरला. बंडप्पा म्हणाला, आता नवं जनावर घेऊ. खाजाभाई म्हणाला, घ्या, पण धाराशिवचा उरूस तेवढा माझा. त्या उरुसाला मी नेहमीप्रमाणे समोर दुकान मांडून बसलो होतो. पाहतो तर बेगम कमानीजवळच्या खुंट्याला बांधलेली, गळ्यात झेंडूची माळ, आणि दांड्याला स्वतः खाजाभाई. पन्नाशीचा माणूस, दांड्याला छाती लावून चक्री ओढत होता. मी उतावळा माणूस, लगेच ओरडलो, "खाजाभाई, वेडबिड लागलं का तुमाला?"

"शेटजी," तो धापा टाकत हसला, "जलमभर तिनं मला वढलं. एक उरूस मी वढला तर काय बिघडलं?"

तो फिरत कमानीसमोर आला. बेगमजवळ. थांबला. कुणी थांबवलं नव्हतं, पाय आपोआप थांबले. चक्रीवरच्या बायांनी हात जोडले. ताहेराबी तिथं पदरात रेवड्या घेऊन उभी होती. तिनं एक बेगमच्या तोंडात दिली, एक खाजाभाईच्या तळहातावर ठेवली. खाजाभाईनं सवयीनं तो हात बेगमकडं वळवला.

ताहेराबीनं त्याचं मनगट धरलं.

"तिची तिला दिली. ही तुमची हाय. इतकी वर्सं तिला चारली, आज तुमी खायची."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती हात सोडेना. चक्रीवर बाया ताटकळल्या होत्या, बंडप्पा घंटा वाजवत होता, आणि मी, ज्याला वाटेत एक क्षण थांबलेलं कधी खपलं नाही, गप्प बसून होतो. खाजाभाईनं मान खाली घातली आणि रेवडी तोंडात टाकली. ती पुरती चावून होईपर्यंत ताहेराबी तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "चला आता." आणि चक्री हलली.